पोटाखालचा पांढरा ठिपका

आमच्या रो-हाउसच्या मागे दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी एक पट्टी आहे. बिल्डरच्या नकाशात तिचं नाव ‘गार्डन’ होतं. बायको तिला ‘मागचं’ म्हणते आणि मी निवृत्त झाल्यापासून परस म्हणतो. परसात एक जास्वंद, एक कढीपत्ता, कधीही फळ न धरलेलं एक लिंबू आणि कोपऱ्यात माजलेलं अडुळशाचं रान. पुढे छातीइतकी भिंत आणि भिंतीपलीकडे मावशी.

मावशी उरणकडच्या कोळीवाड्यातली. मुलगा बंदरात क्रेनवर लागला, त्याने पनवेलला घर घेतलं आणि म्हातारपणी तिला समुद्र सोडून इथे यावं लागलं. समुद्र सुटला तरी मासळी सुटली नाही. रोज सकाळी मागच्या मोरीवर बसून ती मासे साफ करायची आणि तिच्या गुडघ्याला टेकून तिची मांजर बसायची. राखाडी, काळ्या पट्ट्यांची, उजवा कान फाटलेली. मावशी तिला ‘बाय’ म्हणायची, लेकीला म्हणतात तसं. मान मला ‘भाऊ’ म्हणून मिळायचा आणि बांगड्याची डोकी बायला.

मी तीस वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काढली. परदेशातून आलेल्या मालाचे कागद तपासायचे, कागदावर लिहिलंय तेच पेटीत आहे की नाही ते बघायचं, हे काम. त्या कामाने माणसाला एक वाईट खोड लागते. आपल्या नजरेतून काही सुटत नाही असं त्याला वाटायला लागतं. घरी मी भाजीवाल्याच्या काट्यावर संशय घ्यायचो, वॉचमनच्या रजिस्टरमधल्या चुका काढायचो. फेब्रुवारीत निवृत्त झालो तेव्हा बायकोची नोकरी अजून चालू होती, आणि दिवसभर घरी बसून हा माणूस आता कोणाच्या चुका काढणार, ही तिची खरी काळजी होती.

पक्ष्यांनी तिला वाचवलं. मार्चमध्ये पहाटे साडेपाचला समोरच्या डिशच्या अँटेनावर कोणीतरी शीळ घालायला लागलं. एक ओळ म्हणायचा, थांबायचा, तीच ओळ थोडी फिरवून म्हणायचा. चहा गार होईपर्यंत मी गच्चीत उभा. काळा-पांढरा, चिमणीहून मोठा, शेपूट वर करून बसलेला. पुस्तक आणलं, पानं उलटली. दयाळ. मला झालेला आनंद आता सांगायला लाज वाटते. कंटेनरमधून बरोबर माल निघाल्यावरही मी कधी इतका खूश झालो नव्हतो.

मग वेडच लागलं. फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज उतरवून घेतले. परसात खुर्ची टाकून बसायचं, आवाज आला की फोनमधल्या आवाजाशी ताडून बघायचं. कढीपत्त्यातून ‘टुविट टुविट’ असा कान किटवणारा आवाज यायचा, तो कोणा कोंबडीएवढ्या पक्ष्याचा असणार असं मी बायकोला ठासून सांगितलं होतं. चार दिवसांनी तो दिसला. अंगठ्याएवढा शिंपी. दोन पानं शिवून त्यात घर करणारा. बायको म्हणाली, तीस वर्षं अशीच तपासणी केली असेल तर देशाचं काही खरं नाही. मी हसलो, पण मनाला लागलं. त्यानंतर मी ओळख पटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. हा निश्चय मी फक्त पक्ष्यांच्या बाबतीत पाळला.

एप्रिलमध्ये जास्वंदीत शिपाई बुलबुलांनी घरटं केलं. डोक्यावर टोकदार तुरा, गालावर लाल ठिपका, आणि बोलणं असं गोड की भांडत असले तरी कौतुक करावंसं वाटावं. घरटं माझ्या खांद्याच्या उंचीवर, जेमतेम चहाच्या कपाएवढं. त्यात तीन अंडी, गुलाबीसर, लाल शिंतोड्यांची. मी खुर्ची चार पावलं मागे घेतली. बायकोला जास्वंदीची फुलं तोडायला बंदी केली. देवाला महिनाभर शेजारच्या गल्लीतली फुलं गेली. पिल्लं बाहेर आली तेव्हा मी मुलीला पुण्याला फोन करून ती बातमी अशी सांगितली की तिला क्षणभर कळेचना कोणाकडे काय झालं.

याच दिवसांत परसात आणखी एकजण यायचा. भारद्वाज. तांब्याच्या रंगाचे पंख, लाल डोळे, आणि पायी पायी चालण्याची ती ऐट. माझी आई सांगायची, सकाळी भारद्वाज दिसला की हात जोडावेत, धरलेलं काम होतं. नोकरीच्या मुलाखतीला निघालो त्या सकाळी तो मला कुंपणावर दिसला होता. मुलीच्या दहावीच्या निकालादिवशीही. अडुळशाचं रान साप येतील म्हणून बायकोला कापायचं होतं. मीच कापू दिलं नाही, कारण तो त्या रानात शिरायचा. त्याच्यासाठी मातीच्या परळात पाणी ठेवायचो. पुस्तकात त्याचं पान मी उघडलंच नाही. ज्याला लहानपणापासून ओळखतो त्याची ओळख पुस्तकात कशाला शोधायची?

पिल्लं आठ दिवसांची झाली होती. त्या सकाळी मी चहा घेऊन मागे आलो तर बुलबुलांची जोडी तारेवर बसून नुसती ओरडत होती. घरट्यात काही नव्हतं. एक पीससुद्धा नाही. आणि भिंतीवर, जास्वंदीपासून हातभर अंतरावर, मावशीची मांजर बसून तोंड चाटत होती.

मी कप आपटला. जे मनात आलं ते मोठ्याने बोललो, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. फुकटचे मासे खाऊन माजलेली जनावरं, पोसायची ऐपत आहे तर बांधून ठेवायची अक्कल नको का, असलं बरंच काही. पलीकडे मोरीवरचं पाणी बंद झालं. बायको ऑफिसला निघता निघता म्हणाली, आधी मावशींशी नीट बोला. मी म्हटलं, बोलायचं काय, डोळ्यांसमोर आहे.

डोळ्यांसमोर आणखीही काही होतं. घरटं जसंच्या तसं होतं, कडेची एक काडी हललेली नव्हती. ज्या फांदीवर ते होतं ती पेन्सिलीएवढी बारीक होती. मांजर चढली असती तर फांदी, घरटं आणि मांजर तिन्ही खाली आली असती. बंदरात कंटेनरचं सील शाबूत आणि माल गायब असं प्रकरण आलं की आम्ही कुंपणावरून उडी मारणाऱ्याकडे बघायचो नाही, ज्याला आत यायची रीतसर परवानगी असते त्याच्याकडे बघायचो. हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मला ते आठवलं नाही, कारण मला ते आठवायचं नव्हतं. मला राग आला होता आणि रागाला मांजर पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आत झोपली होती. मी भिंतीपाशी थोडी सुकट ठेवली. मांजर आली, खाल्ली, माझ्या पायाला अंग घासलं आणि चक्क उताणी झाली. तेव्हा दिसलं, सगळं पोट राखाडी आणि पुढच्या दोन पायांच्या मधे बटणाएवढा एक पांढरा ठिपका. मी तिला कांद्याच्या गोणीत घातली. तिने धडपड केली, पण फार नाही. मला वाटतं, तिला तो खेळ वाटला असावा.

आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, मांजर नदीपल्याड सोडली की वाट विसरते. स्कूटरच्या पुढे गोणी ठेवून मी नेऱ्याच्या बाजूला गेलो, गाढी नदी ओलांडली आणि एका फार्महाउसच्या कुंपणापाशी गोणीचं तोंड सोडलं. खायला मिळेल, उंदीर मिळतील, उलट मजाच होईल, असं मी स्वतःला वाटभर सांगत आलो. गोणीतून बाहेर आल्यावर ती पळाली नाही. उभी राहून माझ्याकडे बघत होती. स्कूटर मीच पळवली.

त्या संध्याकाळी मावशी बांगड्याचं डोकं हातात धरून परसभर ‘बाय, ये गो, ये’ करत फिरत होती. सकाळी भिंतीशी आली. मी दिवसभर मागे बसतो, मला कुठे दिसली का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही मावशी, कालपासून नाही दिसली. ‘कालपासून’ हा शब्द मी मुद्दाम घातला. तीस वर्षं खोट्या कागदात खरा आकडा कसा पेरतात ते बघितलं होतं, ते असं उपयोगी पडलं.

तिसऱ्या दिवशी ती कोरा कागद घेऊन आली. तिला लिहिता-वाचता येत नाही. पेन्शनचा फॉर्म, रेशनकार्डाचा अर्ज, सगळं मीच लिहून द्यायचो. आता मांजर हरवल्याचा कागद हवा होता, गेटवर आणि वाण्याच्या दुकानात लावायला. सुनेचं अक्षर कोणाला लागत नाही, तुमचं छापल्यासारखं असतं, म्हणाली. नाही कसं म्हणणार? मी जाड पेन घेतलं आणि लिहायला बसलो. वर मोठ्या अक्षरात ‘हरवली आहे’. खाली वर्णन. ती सांगत गेली, रंग, पट्टे, फाटका कान. मी लिहीत गेलो. लिहिता लिहिता जुनी सवय जागी झाली. ओळखीच्या खुणा अपुऱ्या ठेवून कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, ही सवय. तिचं सांगून संपलं तरी मी शेवटची एक ओळ लिहिली, घडी घातली आणि कागद तिच्या हातात दिला. अक्षर खरंच सुरेख आलं होतं.

त्या आठवड्यात मावशीकडून दोनदा डबा आला. एकदा कोलंबीचं कालवण, एकदा भरलेलं पापलेट. कागद लिहून दिल्याबद्दल असणार, असं मी धरून चाललो. घास घशाखाली उतरत नव्हता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण खरं सांगायचं तर कालवण उत्तम होतं आणि मी दोनदा भात घेतला. अपराधी वाटत होतं ते फक्त ती हाक मारायची तेव्हा. रोज तिन्हीसांजेला पाच मिनिटं. तेवढी पाच मिनिटं मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

बुलबुलांनी जागा बदलली. या खेपेला लिंबाच्या आत, काट्यांच्या जाळीत घरटं केलं. मी मनात म्हटलं, आता मांजरही नाही आणि काटेही आहेत, आता निर्धास्त. पुन्हा तीन अंडी, पुन्हा तीन पिल्लं. दयाळ अँटेनावर गात होता, कढीपत्त्यात शिंपी ओरडत होता, जास्वंदीवर शिंजीर लटकून मध पीत होता. इतकी सुंदर सकाळ होती की वाटलं, झालं ते चांगल्यासाठीच झालं. अडुळशातून भारद्वाज बाहेर आला. मी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

तो चालत लिंबाखाली गेला. घाई नाही, चोरटेपणा नाही, स्वतःच्या घरात शिरावं तसा. एका फांदीवरून दुसरीवर चढला, काट्यांतून वाकून आत गेला. बुलबुल तुटून पडले, त्याच्या पाठीवर चोची मारायला लागले. त्याने लक्ष दिलं नाही. बाहेर आला तेव्हा चोचीत पिल्लू होतं, आणि ते हलत होतं. माझे हात अजून जोडलेलेच होते.

मी ओरडलो, चप्पल फेकली. तो अडुळशात गेला. काही वेळाने दुसऱ्या बाजूने पुन्हा आला. घरट्याची एक काडीही हलली नव्हती.

आत जाऊन पुस्तक काढलं आणि ते न उघडलेलं पान उघडलं. आहार, असं लिहून पुढे किडे, गोगलगायी, सरडे, लहान पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं. एक ओळ होती. वाचायला किती वेळ लागला असता?

मग कोयता घेऊन अडुळसा तोडायला निघालो. दोन घाव घातले आणि हात थांबला. त्या रानात कुठेतरी त्याचीही पिल्लं असणार. पुन्हा तेच करत होतो मी. राग आला की हातात काहीतरी घ्यायचं आणि समोर दिसेल त्याला शिक्षा करायची. कोयता तिथेच टाकला आणि खुर्चीत बसून राहिलो. अडुळसा आणि परळ दोन्ही जागच्या जागी ठेवले, हात मात्र पुन्हा जोडवले नाहीत.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. सुकट, गोणी, नदी, कागद, सगळं. तिने पर्सही खाली ठेवली नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“मला कशाला सांगताय?” ती म्हणाली. “भिंतीपलीकडे सांगा.”

सकाळी मी भिंतीशी गेलो. मावशी मोरीवर मांदेली साफ करत होती. शेजारची जागा रिकामी, तरी ती तिथे जागा सोडूनच बसली होती. मी प्रस्तावना केली नाही, करता आली नाही.

“मावशी, तुमची मांजर मी सोडून आलो. नेऱ्याकडे, नदीपलीकडे.”

तिचे हात थांबले नाहीत.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं, बायकोने सांगितलं. तसं नव्हतं. कागद गेटवर लावायच्या आधी तिने सुनेकडून तो वाचून घेतला होता. सुनेने शेवटची ओळ वाचली, पोटाखाली पुढच्या पायांच्या मधे बटणाएवढा पांढरा ठिपका.

“त्या ठिपक्याचं मी तुमाला बोललेच नवते,” मावशी म्हणाली. “आमच्या घरात पन कोनाला तो ठावा नाय. ती पोट दाखवते ती फकस्त आपल्या मानसाला.”

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ती सांगत गेली, मासळीकडे बघत. माझं त्या सकाळचं बोलणं तिने मोरीवर बसून सगळं ऐकलं होतं. मी त्या पाखरांत कसा जीव टाकून बसतो ते ती रोज बघत होती. आपल्या मांजरीने शेजाऱ्याची पोरं खाल्ली, आता कोणत्या तोंडाने भांडायचं? त्याने लांब नेऊन सोडली असेल, मारली तर नसेल. असं म्हणून ती गप्प राहिली. ते दोन डबे कागद लिहिल्याबद्दल नव्हतेच. मांजरीच्या वतीने तिने माझी माफी मागितली होती, आणि मी दोनदा भात घेतला होता.

तिथून निघून जाता आलं असतं. ती मला दोष देत नव्हती. माझं म्हणणं ऐकून घेऊन तिने मला सोडूनही दिलं असतं. पण अर्धा कागद पुढे सरकवायचा नाही, ही सवय निदान एकदा तरी बऱ्या कामाला यायला हवी होती.

“मावशी, तिने नाही खाल्ली पिल्लं. भारद्वाजाने खाल्ली. काल मी डोळ्यांनी बघितलं.”

आता हात थांबले.

“कुकुडकोंबा?” तिने विचारलं. त्यांच्याकडे भारद्वाजाला तसं म्हणतात.

मी मान हलवली. तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

“मंग माझी बाय उगीच गेली,” ती म्हणाली. मासे ताटलीत भरून ती आत गेली. मोरी धुवायची राहिली होती.

तेव्हापासून मी दर रविवारी नेऱ्याकडे जातो. ते फार्महाउस, पुढची दोन गावं, नदीचा काठ. घरोघरी विचारलं. एकीने सांगितलं, अशी पट्ट्यांची दिसायची, आता नाही दिसत. सुकट ठेवतो, हाका मारतो. पहिल्या तीन रविवारी काही झालं नाही, आणि चौथ्या रविवारी माझ्या टाळक्यात शिरलं की ती इथे असली तरी माझ्या हाकेला येणार नाही. माझा आवाज तिने ओळखला तर उलट पळून जाईल.

मावशीचे गुडघे धरलेले, तिला स्कूटरवर बसवत नाही. म्हणून मी भिंतीशी गेलो आणि फोन पुढे केला. कशासाठी ते सांगितलं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. ज्या फोनमध्ये दयाळ, शिंपी आणि बुलबुल भरून ठेवलेत त्यात मी तिची हाक भरून घेतली. ती फोनला तोंड लावून तिन्हीसांजेला मारायची तशीच हाक मारत होती. मला वाटलं संपलं, तेवढ्यात ती आणखी काहीतरी हळू बोलली. ते मी नदीवर पोचल्यावर ऐकलं.

आता मी फोन काठावरच्या दगडावर ठेवतो, शेजारी सुकट ठेवतो, आवाज पूर्ण वाढवतो आणि वीस पावलं मागे जाऊन झाडाआड उभा राहतो. करंजाच्या झाडांत बुलबुल असतात. आवाज सुरू झाला की क्षणभर गप्प होतात. कोणता पक्षी हा, असं त्यांना वाटत असेल.

“बाय, ये गो, ये,” मावशी फोनमधून हाक मारते. पुन्हा मारते, पुन्हा मारते. आणि शेवटी हळूच म्हणते, “भाऊ आलाय तुला न्यायला. आपलाच मानूस हाय. त्याला भिऊ नको.”